खोकडताई

जंगली प्राण्यांचा अभ्यास करणारी आणि झाड दिसलं की कपाळाला आठ्या घालणारी अशी एकच मुलगी मला आयुष्यात भेटली. आमच्या कंपनीच्या गेटवर तिचं नाव प्रज्ञा असं नोंदलेलं असे, पण गेटपासच्या बाहेर ते कुणी वापरलं नाही. आमचा गार्ड बबन पहिल्या आठवड्यातच तिला खोकडताई म्हणायला लागला, मग कँटीनवाले म्हणायला लागले, मग मी, आणि शेवटी शेवटी तर ती स्वतःच फोनवर ‘काका, खोकडताई बोलतेय’ असं सांगायची. खोकड म्हणजे कोल्ह्याचा धाकटा भाऊ वाटावा असा माळावरचा प्राणी. मांजरापेक्षा थोडा मोठा, पाय बारीक, शेपटीचं टोक काळं. हे वर्णन आज मी सहज करतो. तेव्हा मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. चाकणच्या त्या पट्ट्यात वीस-बावीस वर्षं नोकरी करून मी एकही खोकड पाहिलेलं नव्हतं.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत प्रशासन विभाग सांभाळायचो. प्रशासन म्हणजे गेट, कँटीन, बस, बाग, संडास, पाहुण्यांचा चहा आणि ज्या कामाला दुसरं कुणी हात लावत नाही असं प्रत्येक काम. त्यातली बाग माझी लाडकी. ती पहिल्यांदा आली ते थंडीचे दिवस होते. हातात कॉलेजचं पत्र, पाठीवर फाटक्या चेनची सॅक. मला वाटलं, रोपं मागायला आली असेल. मी हौसेनं तिला सगळीकडे फिरवलं. गिरिपुष्पाच्या रांगा, कडुनिंब, बांबूचं कुंपण, सगळं दाखवलं. कुठलं झाड कुठल्या वर्षी लावलं तेही सांगितलं. ती निमूट ऐकत होती. शेवटी म्हणाली,

“काका, ही झाडं लावायच्या आधी इथे काय होतं?”

“काही नव्हतं. नुसता माळ.”

“म्हणजे काहीतरी होतं ना?”

मी हसलो. तिला मात्र हसू आलं नाही. तिला बघायचा होता तो आमच्या मागचा प्लॉट. पुढेमागे कंपनी वाढवायची म्हणून घेऊन ठेवलेला, तारेचं कुंपण घातलेला आणि तसाच पडलेला. तिथे काय बघायचंय, असं मी विचारलं तर म्हणाली, “गवत.” मी पत्रावर सही केली. घरी जाताना बसमध्ये मात्र ते डोक्यातून जाईना. एवढं दोन तास फिरवलं, एका शब्दानं बाग छान आहे म्हणाली नाही.

ती स्वतःबद्दल फारसं बोलायची नाही. बोलायची ती फक्त कुसळं काढताना. माळावरून आली की सलवार गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली असे, आणि माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून ती एकेक उपटत राही. तेवढ्या वेळात जे काय कळेल ते कळायचं. घर कासारवाडीला, रुळांच्या बाजूला, दोन खोल्या. वडील पिंपरीकडच्या एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर होते. डाव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसमध्ये गेली, मग कंपनीनं त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. मुलीला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा त्यांनी इंजिनियरिंगचा फॉर्म आणून ठेवला होता. हिनं प्राणिशास्त्र घेतलं. दोन महिने घरात बोलणं बंद होतं.

“बाबांचं म्हणणं एवढंच होतं, काका,” ती कुसळ दातानं ओढत म्हणाली, “की हात शाबूत राहतील असं काम कर. टेबलावरचं. आणि मी काय घेतलं, तर कुंपणाखालून सरपटायचं.”

हे वेड आलं कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. तिची मावशी दिघीला राहायची. घराच्या गच्चीवरून लष्कराच्या हद्दीतली मोकळी जमीन दिसायची, कुंपणापलीकडची. सात-आठ वर्षांची असताना तिनं त्या गवतातून काहीतरी पळताना पाहिलं. खाली येऊन मावशीला विचारलं, तर मावशी म्हणाली कुत्रं असेल. मावशीचे यजमान म्हणाले मांजर. शेजारचे म्हणाले मुंगूस. “कुणालाच माहीत नव्हतं,” ती म्हणाली, “आणि माहीत नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. मला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं.” त्या एका पळणाऱ्या जनावराच्या मागे ती बी.एस्सी., एम.एस्सी. करत पीएच.डी.पर्यंत आली होती.

तिचा विषय ती सांगायची तेव्हा मला लगेच समजायचा. कंपन्या, रस्ते आणि गोदामं यांच्यामध्ये गवताचे तुकडे उरलेत. त्यातला कुठला तुकडा खोकड राहायला निवडतं आणि का निवडतं. इतकं सोपं. पण घरी जाऊन बायकोला सांगायला लागलो की सगळं विस्कटायचं. “म्हणजे ती खोकड वाचवतेय का?” बायको विचारायची. वाचवत नाहीये, अभ्यास करतेय. “मग वाचवणार कोण?” ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं तर ती म्हणाली, “काकूंचा प्रश्न बरोबर आहे,” आणि वहीत लिहून घेतला.

त्या वहीत एक रकाना होता. डोक्यावर लिहिलेलं: ‘कळलं नाही’. बाकीचे रकाने रिकामे राहिले तरी तो दर दिवशी भरायचा. ‘गोंधळ आहे, काका’ हे तर तिचं रोजचं वाक्य. दुसरा कुणी ते रडवेल्या तोंडानं म्हणाला असता. ती असं म्हणायची की समोरच्याला वाटावं, आज हिला काहीतरी घबाड सापडलंय.

घबाड म्हणजे बहुतेक वेळा विष्ठा असे. आम्ही लेंड्या म्हणायचो, ती दुरुस्त करायची: “लेंड्या शेळीच्या, काका. ही विष्ठा.” माळावरून पुड्या बांधून आणायची, पिठाच्या चाळणीत घालून नळाखाली धुवायची आणि उरलेलं कागदावर पसरायची. पहिल्यांदा हा उद्योग तिनं कँटीनमागच्या नळावर केला. आचाऱ्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि राजीनामा देतो म्हणाला. मग मी तिला बागेतला नळ दिला. जेवणाच्या सुट्टीत कामगार भोवती उभे राहायचे. “ताई, आमची कँटीनची भाजी पण एकदा चाळून बघा,” असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे हसायचे, ती पण. पण हळूहळू ती मंडळी खाली बसायला लागली. हे भुंग्याचे पंख, ही बोराची बी, हे उंदराचं हाड. एकदा तर प्रेसवरचा एक पोरगेला ऑपरेटर शिफ्ट संपल्यावर स्वतः पुडी घेऊन आला. वासावरून ते कुत्र्याचं आहे हे मलासुद्धा कळलं. तिनं मात्र ती पुडी नीट उघडून बघितली, त्याला फरक समजावून दिला आणि आभार मानले.

बबनला तिचा लळा लागायला वेळ लागला. बबन जवळच्याच गावचा. आमचा मागचा प्लॉट म्हणजे त्याच्या आजोबांचं चराईचं रान. जमीन गेली, आणि त्याच जमिनीच्या गेटवर तो गार्ड म्हणून उभा होता. याबद्दल तो कधी कडू बोलला नाही, गोडही बोलला नाही. ती रोज त्याच्यासमोरून वहीवर सही करून आत जायची, दिवसभर उन्हात बिळं शोधायची आणि हात हलवत परत यायची. तीन महिने हा गडी खुर्चीवर बसून ते बघत होता. मग एप्रिलमधल्या एका दुपारी तो तिला म्हणाला, “ताई, उगं ऊन खाऊ नका. चला, दावतो.”

बीळ त्याला लहानपणापासून माहीत होतं.

“मग आधी का नाही सांगितलंत, दादा?” तिनं विचारलं.

“आदी बगितलं, तुमी कशा हाय. धरून न्ह्यायला आलाय का बगायला आलाय, त्ये कळाय नगं व्हय?”

त्या दिवशी संध्याकाळी ती मला पंपहाउसच्या छपरावर घेऊन गेली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मी लोखंडी शिडी चढून पत्र्यावर पालथा पडलो. समोर पन्नासेक पावलांवर वाळलेलं गवत, मातीचा उंचवटा, त्यात भोकं. बराच वेळ काही झालं नाही. मग एका भोकातून दोन कान आले. मग चार पिल्लं बाहेर पडली. आमच्या कारखान्यात वापरतात तो पांढरा सुती हातमोजा, ऑईलनं काळा झालेला, त्यांनी कुठून पैदा केला होता कोण जाणे. दोघं एकीकडून, दोघं दुसरीकडून, अशी त्यांची ओढाताण चालली होती. आई बाजूला बसून कान खाजवत होती. पलीकडे प्रेस धडधडत होती, तिचं त्यांना काही नव्हतं. नोकरीत पहिल्यांदाच माझी कंपनीची बस चुकली. मी कासारवाडीपर्यंत तिच्यासोबत पीएमटीच्या बसनं आलो.

आणि त्याच महिन्यात आमच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं की मागच्या प्लॉटवर घनदाट जंगल लावायचं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच झाडं आवडायची, आणि ती आवड माझ्याच बागेनं लावली होती. शाळेची मुलं येणार होती, परदेशातले पाहुणे येणार होते, प्रत्येकाच्या हातून एक रोप. पावसाआधी खड्डे तयार पाहिजेत, म्हणजे मे महिन्यात जेसीबी. काम अर्थातच माझ्याकडे. मी धीर करून साहेबांना म्हटलं, त्या मुलीला एकदा ऐकून घ्या. त्यांनी ऐकून घेतलं, दहा मिनिटं, चहा देऊन.

“मॅडम, आम्ही काय सिमेंट ओततोय का तिथे? जंगल करतोय. तुम्ही तर खूश व्हायला पाहिजे.”

“सर, खोकड जंगलात राहत नाही. त्याला मोकळं लागतं. लांबून येणारं दिसलं पाहिजे, तर ते पळणार. झाडं दाट झाली की त्याच्यासाठी ती जागा संपली.”

साहेबांनी विचार केला. खरोखर केला, मी समोर होतो. मग म्हणाले, “ठीक आहे. मी वर सगळ्यांना सांगतो, प्लॉट तसाच ठेवायचा. फक्त एक सांगा. तसाच ठेवला तर ते जनावर तिथे राहील? खात्रीनं?”

मी टेबलाखाली मूठ आवळून मनात म्हणत होतो, हो म्हण. अगं, हो म्हण.

“माहीत नाही, सर,” ती म्हणाली. “राहण्याची शक्यता जास्त आहे, असं सध्या वाटतंय. आजूबाजूला काय काय होतं त्यावर आहे.”

“मग मी कशाच्या जोरावर थांबवू?”

तिनं सॅक उचलली. चहा तसाच राहिला.

गेटवर मी तिच्यावर चिडलो. तिच्यावर मी चिडलो असा तो एकच प्रसंग. “एक शब्द होता. हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“आणि उद्या ते आपणहून गेलं तर, काका? मग पुढच्या वेळी दुसरं कुणी काही खरं सांगायला आलं, तर साहेब म्हणतील, मागची मुलगी पण असंच सांगून गेली होती.”

“पुढचं पुढे. आत्ता चार पिल्लं आहेत तिथे.”

“मला माहितीय किती आहेत ते,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. मग तिनं फक्त एवढंच मागितलं की तीन आठवडे थांबा, पिल्लं जरा पळती होऊ देत. मी ‘बघतो’ म्हणालो.

मी काय बघितलं? पाहुण्यांची तारीख ठरली होती. मी साहेबांकडे दोनदा गेलो, पाण्याच्या पाइपलाइनचं कारण काढलं, माती परीक्षणाचं कारण काढलं, आणि शेवटी अर्ध्या प्लॉटवर तडजोड झाली. बिळाकडची अर्धी बाजू तशीच, अलीकडच्या अर्ध्या बाजूला खड्डे. मला वाटलं, मी मोठं काम केलं. जेसीबी सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बबन केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. “गेली,” म्हणाला. “पाचबी. म्होरं आई, मागनं पिल्लं. गटाराच्या पाइपातनं रस्त्यापल्याड गेली.”

खोकडताई आली ती सरळ बिळापाशी गेली आणि बसली. मी मागे उभा. मला वाटलं होतं बोलेल, ओरडेल. मी तयारी करून आलो होतो. तिनं विचारलं, “जेसीबी पहिल्या दिवशी किती वाजता सुरू झाला, काका?” मी सांगितलं. तिनं वहीत लिहिलं. मीच ती वेळ ठरवली होती आणि मीच ती तिला सांगत होतो. तो अर्धा प्लॉट आजही तसाच आहे, गवत वाढतं, वाळतं. त्यात परत खोकड आलं नाही. मी त्यांना वाचवायला गेलो की हाकलायला, याचा माझा हिशेब अजून लागलेला नाही.

आठवडाभर ती आणि बबन सगळा पट्टा पालथा घालत होते. मग एका संध्याकाळी फोन आला. “काका, सापडली. चारही पिल्लं आहेत.” ती हसत होती की रडत होती, कळेना. “पण कुठे सापडली विचारा.” कुठे, तर रस्त्यापलीकडे एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या यार्डात, माल रचायच्या मोडक्या लाकडी पॅलेटच्या ढिगाखाली. दिवसभर फोर्कलिफ्ट, कंटेनरची ये-जा, डोळे दिपवणारे दिवे, गवताचं पातं नाही. तिच्या अभ्यासाप्रमाणे त्या भागातली ती सगळ्यात वाईट जागा होती. “माझा सगळा तक्ता चुकला, काका,” ती म्हणाली. “तुमच्याकडे यायच्या आधीपासून, दोन वर्षं मी जे मोजलं, ते त्यांना विचारून मोजलं नव्हतं.”

पुढची दोन वर्षं ती त्या यार्डात होती. पीएच.डी. लांबली, शिष्यवृत्ती संपली, ती सकाळी एका क्लासमध्ये अकरावीला शिकवून मग चाकणला यायची. याच काळात तिच्या वडिलांचा मला फोन आला. पिंपरीला आलात की घरी या म्हणाले. मी गेलो. बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर ताजी फुलं, भिंतीवर मुलीच्या बक्षिसांचे फोटो. चहा झाल्यावर त्यांनी मुलगी स्वयंपाकघरात आहे याची खात्री केली आणि खुर्ची पुढे ओढली.

“साहेब, तुम्ही तिकडं मोठ्या जागेवर आहात. मला एक सांगा. ती नक्की काय शोधतेय?”

मी सांगायला लागलो. तुकडे, गवत, निवड, यार्ड. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं आणि मी अडखळलो.

“आणि ते सापडलं की पुढं?” त्यांनी विचारलं.

“पुढे… कळेल,” मी म्हणालो.

ते मान हलवत राहिले. “नातेवाईक विचारतात, मुलगी काय करते. मी सांगतो, डॉक्टर होणार. मग विचारतात, कसली डॉक्टर? तिथं माझी गाडी अडते.” ते हसले, पण हसण्यात जोर नव्हता. मी निघालो तेव्हा ते स्टेशनपर्यंत सोडायला आले. मला त्यांचा राग यायला हवा होता की माझी स्वतःची लाज वाटायला हवी होती, लोकल येईपर्यंत मी ठरवू शकलो नाही.

तिची तोंडी परीक्षा पुण्यात होती आणि ती सगळ्यांना खुली असते. मी रजा टाकली. बबननं इस्त्रीचा शर्ट घातला. वडील आले नाहीत. काम आहे म्हणाले. सगळं इंग्रजीत चाललं होतं, पडद्यावर रंगीत नकाशे येत होते, आणि मागच्या बाकावर मी बबनला जमेल तसं मराठी करून सांगत होतो. शेवटी बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी एक प्रश्न विचारला. यार्डाच्या भोवती चारी बाजूंना भटकी कुत्री आहेत, कुत्री खोकडाची सगळ्यात मोठी शत्रू, आणि तुमच्याच आकड्यांप्रमाणे यार्डाच्या आत एकही कुत्रं नाही. का? तिनं क्षणभर खाली बघितलं. “आय डोन्ट नो, सर,” म्हणाली.

बबननं मला कोपर मारलं. “काय इचारलं?” मी सांगितलं. तो उठून उभाच राहिला.

“सायेब, त्ये सखारामामुळं.”

सगळी डोकी मागे वळली. तिच्या गाइड मॅडम घाईघाईनं उभ्या राहिल्या, पण परीक्षकांनी हात केला, बोलू द्या म्हणून. बबन बोलला. सखाराम म्हणजे त्या यार्डाचा जुना गार्ड. त्याला लहानपणी कुत्रं चावलं होतं, पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती. तेव्हापासून तो कुत्र्याला इतका भितो की भिंतीची एकूणएक फट त्यानं स्वतःच्या हातानं पत्रे ठोकून बंद केली आहे, आणि कुत्रं दिसलं की दगड घेऊन धावतो. फक्त गटाराचा पाइप तेवढा उघडा आहे. “त्यातनं कुत्रं मावत न्हाई. खोकड मावतं.” एवढं सांगून बबन खाली बसला आणि कपाळावरचा घाम पुसला. परीक्षक मोठ्यानं हसले, मग लिहायला लागले.

तिला पदवी मिळाली. पण बाहेर पेढे वाटून झाल्यावर ती पायरीवरच बसली. “दादा, दोन वर्षं मी सखारामकाकांच्या शेजारी डबा खाल्लाय,” ती बबनला म्हणाली. “मी त्यांना कधी काही विचारलंच नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “गवताची उंची मोजता येते, काका. बिळं मोजता येतात. एका माणसाची भीती कुठल्या रकान्यात घालू?” आम्ही तिघं शिवाजीनगरहून एकाच गाडीनं परतलो.

त्या वर्षी मी निवृत्त झालो. तिला राजस्थानात काम मिळालं, मैलोगणती गवत आहे अशा भागात, तीन वर्षांसाठी. निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. बायकोनं पुरणपोळी केली होती. जेवण झालं, चपला घालून झाल्या, आणि दारात उभं राहून तिनं विचारलं, “काका, तेव्हा मीटिंगमध्ये मी हो म्हणायला हवं होतं का?”

इतकी वर्षं ती हे बरोबर घेऊन फिरत होती, याची मला कल्पना नव्हती. “मला वाटतं, मी तीन आठवडे थांबायला हवं होतं,” मी म्हणालो. तिनं मान हलवली. ते ‘हो’ होतं की ‘नाही’, मला समजलं नाही. ती वाकून नमस्कार करायला लागली तर मी तिला अडवलं, आणि मग दोघंही उगाच हसलो. जिना उतरताना तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती.

ती गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिच्या वडिलांचा फोन आला. “साहेब, ते यार्ड नक्की कुठं आहे?”

एका रविवारी ते बसनं चाकणला आले. पाहुण्यांकडे निघाल्यासारखा पांढरा शर्ट, पायात बूट. बबन आणि मी नाक्यावर थांबलो होतो. सखारामनं तीन प्लास्टिकच्या खुर्च्या काढून ठेवल्या होत्या, पुसून. ऊन उतरलं होतं. रविवार असल्यामुळे फोर्कलिफ्ट बंद होत्या. “बोललं तर चालतं का?” त्यांनी हळूच विचारलं. हळू बोललं तर चालतं, असं मी सांगितलं. ते बोललेच नाहीत.

बऱ्याच वेळानं ढिगाच्या तळाशी काहीतरी हाललं आणि खोकड बाहेर आलं. थांबलं, आमच्याकडे बघितलं, बसलं, मागच्या पायानं कान खाजवला.

“हेच?”

“हेच.”

“एवढंसं?” ते म्हणाले.

पोरीची इतकी वर्षं, घरातलं ते बोलणं बंद होणं, नातेवाइकांचे प्रश्न, आणि शेवटी दाखवायला हे एवढंसं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, तिच्या बाजूनं. खोकड उठलं, पॅलेटच्या कडेकडेनं पाइपाच्या दिशेनं चालायला लागलं. बबनची ड्यूटी सुरू व्हायची होती, तो खुर्ची उचलून ठेवायला लागला. मीही उठलो. “चला,” म्हटलं, “तुमची बस आहे ना.”

त्यांनी न बघताच माझी बाही धरली. मान उंच करून ते पाइपाकडे बघत होते.

“थांबा हो जरा,” ते म्हणाले. “कुठं चाललंय ते तर बघू द्या.”